बागेतली पक्ष्यांची पिल्लं पाहावी कशी, ओळखावी कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या अखेरीपासून पावसाळा सरेपर्यंत आपल्याकडच्या बागेत, गच्चीवर किंवा सोसायटीच्या कुंपणात कुठे ना कुठे पिल्लं असतातच. पुस्तकांत आणि मोबाइलवर मात्र आपण बहुतेक ऐन रंगात आलेले वाढलेले पक्षी बघतो. त्यामुळे रोजच्या ओळखीच्या पक्ष्याचं पिल्लू समोर आलं तरी ते अनोळखी वाटतं. मग लगेच दुसरा प्रश्न येतो, हे वाट चुकलंय का, उचलून आत आणू का? पुढची उत्तरं पुणे, सातारा, नाशिक या भागातल्या बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कोकणात आणि विदर्भात महिने थोडे मागेपुढे होतील, काही पक्षीही बदलतील.

समोर बसलाय तो पक्षी पिल्लू आहे हे ओळखायचं कशावरून?

आधी चोच बघा. चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिवणीपाशी, जाडसर, मऊ, पिवळट कड दिसली तर ते पिल्लू आहे. घरटं सोडल्यावरही काही दिवस ही कड टिकते. नंतर शेपटी बघा. घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बुलबुलाची किंवा दयाळाची शेपटी इतकी आखूड असते की पक्षी मागून कापल्यासारखा दिसतो. पिसं मऊ आणि विस्कटलेली असतात, डोक्यावर कधी कधी लव चिकटून राहिलेली असते. अनेक जातींत डोळ्याचा रंगही वेगळा असतो. मोठ्या पक्ष्याचा डोळा लाल, पिवळा किंवा पांढरट असेल, तर पिल्लाचा बहुधा गडद तपकिरी असतो.

एवढं दिसलं नाही तर वागणं बघा. पिल्लू फांदीवर नीट उतरत नाही, तोल सावरायला पंख हलवतं. वाळकं पान, काडी, फुलाचा देठ, जे समोर येईल ते चोचीत धरून बघतं. मोठा पक्षी जवळ आला की अंग खाली दाबून पंख थरथरवतं, चोच उघडून ओरडतं. रंगावरून ओळखायचा प्रयत्न सगळ्यात शेवटी करा. पिल्लांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतो तो रंगच.

पिल्लू आहे हे कळलं. पण कोणाचं?

वाट बघा. याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पिल्लू घरट्याबाहेर पडल्यावरही आई-बाप त्याला दोन-तीन आठवडे भरवत असतात. तुम्ही लांब, खिडकीच्या आत किंवा झाडाआड शांत बसलात तर अर्ध्या तासाच्या आत कुणीतरी चोचीत अळी घेऊन येतंच. जो येईल त्याचं ते पिल्लू. कुणीच आलं नाही तर आधी स्वतःकडे बघा, तुम्ही फार जवळ बसलेले असता. जवळच्या फांदीवर एखादा पक्षी चोचीत काहीतरी धरून नुसताच ओरडत असेल, तर तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, कोकिळेचा आणि तिच्या नातलगांचा. त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

अगदी छोटा पक्षी म्हणजे पिल्लूच ना?

नाही. फुलचुखी, शिंजीर, शिंपी हे पूर्ण वाढले तरी अंगठ्याएवढेच असतात. उलट बागेतले बहुतेक छोटे पक्षी घरटं सोडताना अंगानं जवळपास आई-बापांएवढे झालेले असतात. कमी असते ती शेपटी आणि उडण्याची सफाई.

कोणत्या महिन्यात कोणाची पिल्लं दिसतात?

पोपट आणि पिंगळा लवकर सुरुवात करतात, त्यांची पिल्लं उन्हाळा तापायच्या आत मोठी होतात. शिंजीर, बुलबुल, दयाळ, तांबट आणि साळुंकी यांची धावपळ मार्च ते जून या काळात जोरात असते. कावळ्यांची घरटी एप्रिल-मेमध्ये, आणि म्हणून कोकिळेची पिल्लंही त्याच सुमारास. पाऊस पडून गवत वाढलं, अळ्या-किडे भरपूर झाले की शिंपी, वटवट्या, सातभाई यांची पिल्लं जास्त दिसायला लागतात. मनोली आणि सुगरण तर पावसाळ्याचेच. त्यांना गवताचं कोवळं बी आणि ओलं पातं लागतं. होले आणि कबुतरं वर्षभर केव्हाही अंडी घालतात.

बुलबुलाच्या पिल्लाच्या बुडाला लाल रंग दिसत नाही. मग ते बुलबुलच का?

हो. लालबुड्या बुलबुलाच्या पिल्लाचं बूड फिकट नारिंगी असतं, डोकं काळं न दिसता तपकिरी दिसतं आणि तुरा नावालाच असतो. लाल गालाच्या बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो, तो नंतर येतो.

बुलबुल हा घराशी सगळ्यात सलगी करणारा पक्षी. मधुमालतीच्या वेलात, कुंडीतल्या झाडात, व्हरांड्यातल्या दिव्याच्या वरसुद्धा घरटं करतो. अंडी दोन किंवा तीन. ती उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला पुन्हा जेमतेम तेवढेच दिवस लागतात. म्हणजे महिनाभर तो दिवा लावला नाही, तर एक कुटुंब तुमच्या डोळ्यांसमोर मोठं होतं. ज्याला पिल्लं बघायची सुरुवात करायची आहे त्यानं बुलबुलापासून करावी असं मी आवर्जून सांगेन.

अंगभर ठिपके असलेला, तपकिरी, दयाळाएवढा पक्षी कोणता?

बहुधा दयाळाचंच पिल्लू. दयाळ नर काळा-पांढरा, मादी राखाडी-पांढरी, त्यामुळे हा तपकिरी, खवल्याखवल्यांचा पक्षी त्यांच्यातला वाटतच नाही. छातीवर बदामी-तपकिरी ठिपके असल्यानं पुष्कळ जण त्याला कस्तूर समजतात. पंखाकडे बघा. पंखावरचा लांब पांढरा पट्टा पिल्लालाही असतो, आणि काळी-पांढरी शेपटी वाढायला लागली की ती वर उचलायची सवयही दिसते. काही आठवड्यांत ही पिसं गळतात आणि तुकड्यातुकड्यानं खरा रंग येतो. अर्धी ठिपक्यांची छाती, अर्धी काळी असा नर दिसला तर दुर्बीण खाली ठेवू नका, ही अवस्था थोडेच दिवस दिसते.

दयाळ झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, वापरात नसलेल्या पाइपात घरटं करतो. म्हणून पिल्लं अंगणात उतरेपर्यंत घरटं होतं हेसुद्धा घरच्यांना कळत नाही.

आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीला सगळ्या चिमण्या माद्याच कशा दिसतात?

त्यांतली बरीचशी त्या वर्षीची पिल्लं असतात. चिमणीची सगळी पिल्लं, नर असो की मादी, आईसारखीच मातकट रंगाची असतात. नराच्या गळ्यावरचा काळा डाग पिसं बदलल्यावर येतो. पिवळी जिवणी आणि भुवईची जरा फिकट रेघ यांवरून पिल्लू आणि मादी वेगळी काढता येते, पण त्याला सराव लागतो.

पिवळ्या पोटाचे छोटे पक्षी जास्वंदीवर येतात. ही शिंजीराची पिल्लं का?

असू शकतात, माद्याही असू शकतात, आणि वाढलेला नरही असू शकतो. जांभळा शिंजीर नर विणीचा काळ संपला की आपला चमकदार जांभळा-काळा रंग सोडतो आणि वरून तपकिरी, खालून पिवळा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध गडद रेघ दिसली तर तो असा मोठा नर किंवा रंग यायला लागलेला तरुण नर. रेघ नसेल, पोट सलग पिवळं असेल तर मादी किंवा पिल्लू. त्या दोघांत फरक करायला पुन्हा जिवणीच बघायची, आणि चोचीची लांबी. नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लाची चोच आखूड असते, बाकही कमी असतो.

मनोलीच्या छातीवर खवले नाहीत. वेगळी जात आहे का?

ठिपकेवाल्या मनोलीची पिल्लं सरसकट साधी तपकिरी असतात, पोटावर खवले नसतात. पावसाळ्यानंतर थव्यात असे साधे पक्षी मोठ्या संख्येनं असतात. थव्यात दोन-चार खवलेवाले दिसले की उलगडा होतो.

इतर नेहमीच्या पक्ष्यांबद्दल थोडक्यात सांगाल का?

तांबटाच्या पिल्लाच्या कपाळावर आणि छातीवर लाल रंग नसतो. हिरवट पाठ, रेघारेघांचं पोट, जाड चोच आणि वाळक्या फांदीच्या टोकावर बसायची सवय यांवरून तो ओळखू येतो. साळुंकीच्या पिल्लाचं डोकं काळंभोर नसून तपकिरी असतं. पोपटाच्या पिल्लाला गळ्यातला गोफ नसतो, शेपटी आखूड असते, डोळा गडद असतो. नराला गोफ यायला तीनेक वर्षं लागतात, त्यामुळे गोफ नसलेला प्रत्येक पोपट मादी नसतो. कोतवालाच्या पिल्लाच्या पोटावर पांढरे खवले असतात, ते बघून लोक पांढऱ्या पोटाचा कोतवाल लिहितात. हळद्याचं पिल्लू हिरवट पिवळं, पोटावर गडद रेघा, चोच काळपट. भारद्वाजाचं पिल्लू अंगभर पट्ट्यापट्ट्यांचं, डोळा लालभडक नसलेला. खंड्याच्या पिल्लाची चोच लाल नसून काळपट असते आणि पांढऱ्या छातीवर बारीक गडद रेषा असतात. सातभाईंचं पिल्लू डोळ्यावरून ओळखावं, मोठ्यांचा डोळा फिकट, पांढरट, पिल्लाचा गडद.

सातभाई मला सगळ्यांत जास्त आवडतात. त्यांच्या पिल्लांना एकटे आई-बाप भरवत नाहीत, थव्यातले इतरही भरवतात. कुंपणाच्या बुडाशी बसलेल्या एका पिल्लाला ओळीनं तिघा-चौघांनी किडे आणून दिलेले बघायला मिळतात.

कावळा एका काळ्या पक्ष्याला भरवतोय, पण ते कावळ्याचं पिल्लू वाटत नाही.

ती कोकिळेची संतती. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. तिची अंडी दिसायला कावळ्यासारखी, पण लहान असतात आणि ती आधी उबतात. त्यामुळे पिल्लाला वाढीत आघाडी मिळते. आपल्याकडे कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांबरोबरच एका घरट्यात मोठं होताना पुष्कळदा दिसतं. लहानपणी ते काळपट असतं, पंखांवर फिकट ठिपके असतात, डोळा अजून लाल झालेला नसतो. कावळ्यापेक्षा अंग सडपातळ, शेपटी लांब. मे-जूनमध्ये दाट झाडात एकसारखं कर्कश ओरडणं ऐकू आलं आणि कावळा तिकडे ये-जा करत असला, तर नक्की थांबून बघा.

चातक आणि पावशा हे काम सातभाईंच्या घरट्यात करतात. सातभाईंची अंडी निळी असतात आणि या दोघांचीही निळीच. चातक पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो, त्यामुळे त्याचं पिल्लू पावसाळ्याच्या मध्यावर दिसतं. पावशाचं पिल्लू तर थेट शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखं, तपकिरी आणि पोटावर खुणाखुणांचं. सातभाई एका शिक्र्याला अळ्या भरवत आहेत असं वाटलं, तर ते पावशाचं पिल्लू आहे. भरवणाऱ्यापेक्षा भरवून घेणारा मोठा असेल, तर संशय घ्यायचाच.

कबुतरांची पिल्लं कधी दिसतच नाहीत, असं का?

ती चार-पाच आठवडे घरट्यातच राहतात आणि बाहेर येतात तेव्हा जवळपास मोठ्या कबुतरासारखी दिसतात. चोचीच्या मुळाशी असलेली फुगीर कातडी मोठ्यांची पांढरी, पिल्लांची मळकट असते. डोळाही नारिंगी नसतो. ठिपकेवाल्या होल्याच्या पिल्लाच्या मानेवर ठिपक्यांची पट्टी नसते.

टिटवीचं पिल्लू एकटंच पळताना दिसलं. ते घरट्यातून पडलं का?

टिटवीला तसं घरटं नसतंच, खडीत किंवा सपाट गच्चीवर ती अंडी घालते. अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लं अंगभर लव घेऊनच येतात आणि थोड्या वेळात पळायला लागतात. आई-बाप जवळच असतात, डोक्यावरून ओरडत घिरट्या घालणारा तोच. गच्चीवर जन्मलेली पिल्लं मात्र उंच कठड्यामुळे अडकतात. त्यांना सावली मिळेल असं काहीतरी ठेवा आणि वन विभागाशी बोला.

पिल्लू जमिनीवर बसलंय, उडत नाही. काय करू?

त्याच्या अंगावर पिसं आहेत का, हे बघा. उत्तर त्यावर ठरतं.

पिसं पूर्ण आली आहेत, डोळे उघडे आहेत, ते उड्या मारतंय, हात जवळ नेला की सटकतंय, तर त्याला मदत नको आहे. बहुतेक छोटे पक्षी धड उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. घरट्यात सगळी एकत्र बसण्यापेक्षा वेगवेगळ्या झुडपांत लपणं जास्त सुरक्षित असतं. जमिनीवरचे ते दोन-चार दिवस त्यांच्या शिक्षणाचे असतात. दर उन्हाळ्यात अशी कित्येक धडधाकट पिल्लं चांगल्या मनाची माणसं उचलून खोक्यात ठेवतात आणि बाहेर आई-बाप चारा घेऊन शोधत राहतात. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. रस्त्यात किंवा पार्किंगमध्ये असेल तर उचलून जवळच्या झुडपात, सावलीत ठेवा, आणि निघून जा. मांजर घरचं असेल तर त्याला आत ठेवा, शेजारच्यांनाही सांगा.

पिसं नाहीत, किंवा ती अजून नळ्यांत गुंडाळलेली आहेत, अंग उघडं आहे, तर ते घरट्यातून पडलेलं आहे. घरटं सापडलं तर अलगद परत ठेवा. घरटंच मोडलं असेल तर छोटी टोपली किंवा बुडाला भोकं पाडलेली करवंटी घ्या, त्यात सुकं गवत घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत बांधा. कापूस घालू नका, नख्या अडकतात. मग लांबून तासभर लक्ष ठेवा.

पंख लोंबतोय, रक्त आहे किंवा मांजरानं तोंडात धरलं होतं, तर वेळ घालवू नका. मांजराच्या दातानं झालेली जखम दिसायला बारीक असली तरी जंतू आत गेलेले असतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सतत उघडून बघू नका.

हात लावला तर आई पिल्लाला टाकते, हे खरं का?

नाही. माणसाच्या वासामुळे पक्षी पिल्लू टाकत नाहीत. ते घरटं सोडतात ते सततच्या वावरामुळे, विशेषतः अंडी असताना. परत ठेवताना हात लावायला भिऊ नका. मात्र दिवसातून पाच वेळा फांद्या बाजूला सारून डोकावायचं टाळा.

तोपर्यंत काय खायला घालू? दूध, भात, पाव?

काहीच नको. दूध पक्ष्यांना पचत नाही. ड्रॉपरनं चोचीत सोडलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू तिथेच मरतं, हे फार वेळा घडतं. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना आधी किडे-अळ्याच भरवते. ते काम आपल्याला जमत नाही.

बागेत विषारी फवारणी थांबवली तर तेच पिल्लांना खरं खाणं. उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे नवशिकं पिल्लू बुडणार नाही. भरलेल्या बादल्या आणि पिंपं झाका.

पिल्लू घरी वाढवून पाळलं तर?

तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे पोपट, साळुंकी, बुलबुल यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही. घरटी मोडणं, अंडी काढणंही याच कायद्यात येतं. शिवाय माणसाच्या हातून वाढलेल्या पिल्लाला आपल्या जातीच्या हाका आणि धोके कळत नाहीत.

घरटं दाराशीच आहे. किती जवळून बघावं? फोटो काढावेत का?

आई-बाप न बिचकता ये-जा करतात ते अंतर योग्य. ८ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण असली तर खिडकीतूनही सगळं दिसतं. फ्लॅश नको, आणि चांगला फोटो मिळावा म्हणून एक पानसुद्धा तोडायचं नाही. ते पान ऊन अडवत असतं, आणि कावळ्याची नजरही. घरट्याचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

पिल्लं उडायच्या बेतात आली की घरट्याजवळ जाणं पूर्ण बंद करा. दचकून ती एक-दोन दिवस आधीच उड्या टाकतात.

पावसाळ्याआधी झाडांची छाटणी करायची असते. मग?

पंचाईत अशी की शहरांत ही छाटणी बहुतेक एप्रिल-मेमध्ये निघते, नेमकी घरटी भरलेली असताना. सोसायटीच्या सभेत विषय काढा, धोकादायक फांद्या सोडून बाकीची छाटणी हिवाळ्याच्या सुरुवातीला घ्या. छाटायच्या दिवशी सकाळी कुणीतरी झाडाखाली अर्धा तास उभं राहून ये-जा बघावी. चोचीत चारा घेऊन जाणारा पक्षी दिसला तर ती फांदी सोडायची. वाळकी म्हणून तोडली जाणारी जाड फांदी तांबटाचं घर असते, खाली कुणाला धोका नसेल तर ती ठेवा.

मोबाइलवरचं अ‍ॅप पिल्लाला भलतंच नाव देतं.

मर्लिनसारखं अ‍ॅप उपयोगी आहे, पण पिल्लाच्या फोटोवर त्यानं दिलेलं नाव अंदाज समजा. भरवणाऱ्या पक्ष्याचा फोटो द्या, नाव बहुधा बरोबर येईल.

नोंदी ठेवाव्यात का? आमच्या छोट्या बागेतल्या नोंदींना काय किंमत?

जरूर ठेवाव्यात. सालिम अलींनी सुगरणीच्या नराचा एकापाठोपाठ घरटी बांधून अनेक माद्यांशी जोडी जमवण्याचा क्रम उलगडला तो अलिबागजवळ किहीमला राहत असताना, १९३० च्या सुमारास, रोज त्याच वसाहतीकडे बघून. तारीख, जात, झाड, पिल्लं किती, कोण काय भरवत होतं, एवढं वहीत लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना पिल्लं दिसल्याची नोंद करायची सोय आहे, ती वापरा. वीण आपल्या गावात केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते, हे अशाच नोंदींतून कळतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साळुंकीसारखे फिकट पक्षी थव्यानं आले. ही कुठली पिल्लं?

बहुतेक भोरडीची. गुलाबी-काळी भोरडी मध्य आशियाकडे वीण करून आपल्याकडे परतते, आणि त्या वर्षीची पिल्लंही थव्यात येतात. ती गुलाबी नसतात, फिकट मातकट असतात, चोच पिवळसर. साळुंकीच्या पिल्लाच्या डोळ्याभोवती पिवळी उघडी कातडी असते आणि उडताना पंखात मोठा पांढरा डाग दिसतो. भोरडीच्या पिल्लाला यांतलं काहीच नसतं. थवा उडाला की पंखच बघा, लगेच ठरेल.